‘थंड’ गुडदी, ‘गरम’ इंजिन : एका पारिभाषिक संज्ञेचा उलगडा

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात ठिणगी पाडणारा जो लहानसा भाग असतो, त्याला आपल्या परिभाषेत ‘ठिणगी-गुडदी’ असा शब्द आहे. कारखान्यात आणि रस्त्यावर मात्र तो ‘प्लग’च असतो. या प्लगसंबंधी ‘हीट रेंज’ अशी एक संज्ञा वापरली जाते आणि तिच्या अनुषंगाने ‘हॉट प्लग’ व ‘कोल्ड प्लग’ अशी दोन नावे येतात. काही वर्षांपूर्वी यंत्रकामाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा शब्दसंग्रह तयार करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्यात ‘हॉट प्लग’ या नोंदीपुढे मी ‘अधिक उष्णता सहन करणारी गुडदी’ असा अर्थ लिहिला. मराठी म्हणून वाक्य निर्दोष होते. अर्थ मात्र नेमका उलटा होता.

ही चूक कागदावरच राहिली असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. माझ्या एका भाच्याकडे टर्बोचार्जर असलेली १.२ लिटरची पेट्रोल गाडी होती. अधिक शक्ती मिळावी म्हणून त्याने इंजिनाच्या संगणकातील नोंदी बदलून घेतल्या आणि ‘आता इंजिन जास्त तापणार, तेव्हा जास्त उष्णता सोसणारा प्लग हवा’ या विचाराने एक श्रेणी ‘गरम’ असलेले प्लग बसवले. त्याने आधार घेतला होता तो मामाच्या शब्दसंग्रहाचा. दसऱ्याच्या सुमारास तो म्हैसूरला आला, इथून गुंडलुपेट-बंदीपूरमार्गे उदगमंडलाकडे निघाला, आणि कल्हट्टीच्या चढावर गाडीने जीव सोडला. ती दोरीला बांधून परत आणली गेली ती मंडी मोहल्ल्यातील एका गल्लीत, एका वयस्क मिस्त्रीच्या दुकानात. त्यांनी चार प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. तिघांचे टोक पांढरे पडले होते. चौथ्याचे मधले टोक गोलसर वितळले होते आणि त्याच्या चिनीमातीवर चंदेरी बारीक कण चिकटलेले होते. ‘‘ये पिस्टन है, साब,’’ ते म्हणाले. दट्ट्याचे ॲल्युमिनियम वितळून प्लगवर येऊन बसले होते. मग भाच्याकडे वळून त्यांनी जे सांगितले, ते माझ्या नोंदीपेक्षा आखूड आणि अचूक होते : ‘‘गरम इंजिन कू ठंडाच पलग होना. गरम पलग नक्को.’’

या वाक्यातील ‘च’ आणि ‘नक्को’ यांच्याकडे वाचकांचे लक्ष आपोआप जाईल. दखनीतील हा अवधारणार्थक ‘च’ आणि हा निषेध दोन्ही मराठीकडून गेलेले आहेत, हे भाषाभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. आपला शब्द सोडून गेलेला अर्थ आपल्याच निपाताच्या साहाय्याने म्हैसूरच्या गल्लीत ऐकावा लागला, याची गंमत मला त्या दिवशी फारशी वाटली नाही. पण मिस्त्रींचे म्हणणे बरोबर का, याचा शोध घेणे भाग पडले.

प्लगची रचना थोडक्यात अशी. बाहेर पोलादी कवच, त्यावर इंजिनाच्या माथ्यात बसणारे आटे. आत ॲल्युमिना या चिनीमातीसदृश विद्युत्‌रोधक द्रव्याची नळी. आणि नळीच्या मधोमध विद्युत्‌वाहक दांडा. या नळीचे जे निमुळते टोक ज्वलनकक्षात डोकावते, त्याला नाक म्हणतात. प्रत्येक स्फोटाची धग या नाकावर येते. ती तेथे साठून राहू नये, म्हणून तिला बाहेर जाण्याची वाट हवी. ही वाट नाकाकडून वर, जेथे नळी कवचाला टेकते तेथपर्यंत, तेथून कवचात, आणि आटे व वॉशर यांच्या मार्गाने इंजिनाच्या माथ्यात व अखेर त्याभोवती फिरणाऱ्या पाण्यात, अशी जाते. नाक लांब असेल तर उष्णतेला कवचाला पोहोचण्यापूर्वी दूरवर प्रवास करावा लागतो, आणि तोवर टोक तापलेलेच राहते. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निसटते. स्वयंपाकघरात हे रोज दिसते : उकळत्या आमटीतील लांब दांड्याच्या पळीचे वरचे टोक बराच वेळ हातात धरता येते, आखूड चमच्याचे येत नाही. पळीचा दांडा लांब असल्याने हात वाचतो. प्लगचे नाक लांब असल्याने माथा नव्हे, तर टोक पोळते, एवढाच फरक ध्यानात ठेवावयाचा.

या टोकाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहेत. त्याचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या खाली राहिले, तर इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनाची काजळी त्यावर साठत जाते, वीज ठिणगी न पाडता काजळीतून वाट काढते आणि इंजिन चुकते. त्या मर्यादेच्या वर काजळी आपोआप जळून जाते. उलट, टोक ८०० अंशांच्या बरेच पुढे गेले की ते स्वतःच निखारा बनते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवू लागते. यास पूर्वज्वलन म्हणावे. दट्ट्या अजून वर चढत असतानाच आग लागल्याने त्याला स्फोटाच्या विरुद्ध दाबावे लागते, उष्णता आणखी वाढते, टोक आणखी तापते, आणि पुढची आग आणखी लवकर लागते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. दट्ट्या एरवी टिकतो तो उष्णता सतत कड्यांमार्गे भिंतीकडे निघून जाते म्हणून. पूर्वज्वलनात ती सवड उरत नाही आणि दट्ट्याला काही क्षणांतच भोक पडू शकते. कल्हट्टीच्या घाटात झाले ते हेच.

तेव्हा ‘गरम प्लग’ म्हणजे उष्णता धरून ठेवणारा आणि ‘थंड प्लग’ म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. ही विशेषणे प्लगच्या टोकाच्या वर्तनाची आहेत. ती ठिणगीची नाहीत. थंड प्लगची ठिणगी दुबळी नसते. ती इंजिनाचीही नाहीत. गरम प्लग इंजिन तापवत नाही आणि थंड प्लग ते निववत नाही. घोटाळा होतो तो येथे, आणि मला वाटते, भारतीय भाषिकाला तो अधिक सहज होतो. आपल्याकडे उष्ण आणि शीत हे नुसते स्पर्शाचे शब्द नव्हेत, प्रकृतीचे आहेत. पपई उष्ण, ताक थंड. फडताळातून काढलेला गार आंबाही ‘उष्ण पडतो’. पदार्थ खाणाऱ्यावर काय परिणाम करतो, ते विशेषणातून सांगण्याची आपली रीत आहे. तिच्याच बळावर आपण ‘गरम प्लग’ म्हणजे इंजिनाला गरम करणारा, किंवा निदान गरम इंजिनाला मानवणारा, असे ऐकतो. मूळ संज्ञेला असे काही म्हणावयाचे नसते. तिचा कर्ता केवळ टोकाकडे पाहत असतो.

टर्बोचार्जर आल्यावर हा भेद विशेष महत्त्वाचा का होतो, हे आता सांगता येईल. धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचे, आणि त्याच्या दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. हवेचा दाब वातावरणाच्या दुप्पट केला तर त्याच सिलिंडरात जवळजवळ दुप्पट हवा मावते, त्या प्रमाणात इंधन जाळता येते आणि दर स्फोटाला तेवढी अधिक धग निर्माण होते. प्लगचे नाक मात्र तेवढेच. प्रवासी मोटारीत हे तंत्र अमेरिकेत १९६२ साली आले, आणि युरोपात ते १९७०च्या दशकात बीएमडब्ल्यू, पोर्श व साब यांच्या गाड्यांतून रुजले.

भारतात टर्बोचार्जर लोकांच्या ओळखीचा झाला तो बव्हंशी डिझेल गाड्यांमुळे. आणि डिझेल इंजिनात ठिणगीची गुडदीच नसते, हवा दाबल्याने तापून इंधन आपोआप पेटते. त्यामुळे टर्बो जाणणारे आपले कितीतरी मिस्त्री टर्बोखालचा प्लग जाणत नव्हते, यात आश्चर्य नाही. पेट्रोलवरील टर्बो गाड्या मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आल्या त्या अलीकडे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी फियाट लिनिया टी-जेट २०१० मध्ये, चाकणची फोक्सवागेन पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये, टाटांची झेस्ट २०१४ मध्ये बाजारात आली. हा सारा पसारा महाराष्ट्राच्या एकाच जिल्ह्याच्या आसपासचा असूनही त्या विषयावरचे मराठीतील लेखन नगण्य आहे.

म्हैसूरला मात्र प्लगची जाण जुनी आहे. शहराच्या यादवगिरी भागात इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर बनणाऱ्या तेथील मोटरसायकलींचे नाव पुढे ‘येझदी’ झाले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या गाड्यांची इंजिने दोन-धावांची. त्यांत पेट्रोलबरोबर वंगणतेलही जळते, आणि प्लगवर काजळी धरणे हा नित्याचा प्रकार. ज्यांचा हात या गाड्यांवर बसला, ते प्लगचे टोक वैद्य जीभ पाहतो तसे पाहू लागले. मंडी मोहल्ल्यातील त्या मिस्त्रींचे शिक्षणही याच गाड्यांवर झालेले होते. टर्बोविषयी त्यांनी कोठे वाचले नव्हते. काजळी आणि वितळण यांच्यामधली वाट त्यांना ठाऊक होती, आणि टर्बोला तेवढे पुरेसे होते.

संज्ञेहूनही अधिक फसवे आहेत ते आकडे. प्लगवर छापलेल्या सांकेतिक अक्षरांत एक आकडा उष्णता-श्रेणीचा असतो. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा वाढला की प्लग अधिक थंड. एनजीकेचा ६ हा ७ पेक्षा गरम. चँपियन या अमेरिकी कंपनीत आकडा वाढला की प्लग अधिक गरम. बॉश या जर्मन कंपनीची कथा तर भाषेतील अर्थविपर्यासाची आठवण करून देणारी आहे. तिची जुनी पद्धत तीन अंकी होती. चाचणीच्या इंजिनावर प्लग पूर्वज्वलनाला किती दाद देत नाही, यावरून तो आकडा ठरे, म्हणून मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. १७५ पेक्षा २२५ थंड. पुढे त्याच कंपनीने एक-दोन अंकी पद्धत आणली आणि दिशा फिरवली : जुना १७५ तो नवा ७, जुना २२५ तो नवा ५. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘मायको’, ही १९५१ मध्ये स्थापन झाली आणि बॉशच्या परवान्यावर प्लग बनवू लागली. २००८ मध्ये तिचे नावच बॉश झाले. तिचे दोन्ही पिढ्यांचे प्लग आपल्याकडच्या दुकानांतून विकले गेले आहेत. ‘‘आकडा मोठा तो थंड’’ हे एका पिढीने पाठ केलेले सूत्र दुसऱ्या पिढीच्या डबीवर खोटे ठरते. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहू नये. तुलनेचा तक्ता पाहावा.

आता निवडीचा प्रश्न. गाडी कारखान्यातून निघाली तशीच असेल, तर निवड करावयाचीच नाही. त्या इंजिनाच्या चाचण्या घेऊन श्रेणी ठरवलेली असते. टर्बो इंजिनासाठी ती बहुधा त्याच घराण्यातील टर्बो नसलेल्या इंजिनापेक्षा थंडच असते; म्हणून नाव एक आणि आटे जुळतात एवढ्यावरून साध्या गाडीचा प्लग टर्बो गाडीला लावणे ही चूक फार घडते. श्रेणी बदलण्याचे कारण तेव्हाच उद्भवते, जेव्हा हवेचा दाब वा ठिणगीची वेळ बदलून शक्ती वाढवली जाते. एनजीके कंपनीचा ढोबळ नियम असा की, दर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीमागे एक श्रेणी थंड जावे; एका श्रेणीने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी उतरते. आपल्याकडच्या लहान टर्बो गाड्यांची शक्ती मुळात शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या घरात असते आणि वाढवून पंचवीस-तीसने वाढते. तेव्हा फार तर एक श्रेणी थंड. आणि तीही चढ, मोठा वेग वा भरलेली गाडी हा नित्याचा वापर असेल तर. दोन श्रेणी थंड जाण्याचा सल्ला शर्यतीच्या मैदानावरचा आहे. म्हैसूरच्या देवराज बाजाराभोवती रोज दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत असा प्लग कधीच पुरेसा तापणार नाही, आणि महिन्याभरात काजळून जाईल.

तरीही शंका असेल तर थंडाच्या बाजूने चुकावे असे मला वाटते. अति थंड प्लगची शिक्षा म्हणजे सकाळी कुरकुरणारे इंजिन. अति गरम प्लगची शिक्षा दट्ट्या. ही दोन्ही पारडी सारखी नाहीत.

निवड बरोबर ठरली की नाही, हे प्लगच काढून पाहावे. भार देऊन गाडी चालवावी, इंजिन बंद करून निवू द्यावे आणि मग प्लग काढावा. रिकामे फिरवत ठेवलेल्या इंजिनाचा प्लग काहीच सांगत नाही. नाक फिकट तपकिरी वा राखाडी असणे चांगले. कोरडी काळी काजळी दिसली तर प्लग अति थंड असेल किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त असेल. पांढरे फटक, फोड आलेले वा काचेसारखे चमकणारे नाक धोक्याचे. आणि चंदेरी कण दिसले तर गाडी पुढे नेऊच नये. परंतु रंगावर सारी भिस्त ठेवू नये. शिशाविरहित पेट्रोल भारतभर आले २००० साली, आणि इंधन मोजून फवारणारी आजची इंजिने पूर्वीसारखा ठळक रंग प्लगवर उमटवत नाहीत. त्याऐवजी बाहेरच्या वाकड्या पट्टीकडे पाहावे. तापाने तिचा रंग जेथपर्यंत पालटलेला असतो, ती रेघ पट्टीच्या वळणापाशी असेल तर श्रेणी योग्य. ती आट्यांच्या बाजूला सरकली असेल तर प्लग गरम, टोकाच्या बाजूला असेल तर थंड.

काही गोष्टी उष्णता-श्रेणीच्या नावाखाली खपवल्या जातात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. इरिडियम किंवा प्लॅटिनम ही टोकाच्या धातूची नावे आहेत. ती टोक झिजू देत नाहीत. श्रेणीशी त्यांचा संबंध नाही, आणि गरम इरिडियम प्लगही गरमच. फट ही आणखी निराळी बाब. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडावयास अधिक विद्युत्‌दाब लागतो, म्हणून टर्बोला फट सामान्यतः कमी, बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर, ठेवतात. गाडी भाराखाली अडखळत असेल तर पुष्कळदा दोष फटीचा असतो आणि बिचाऱ्या श्रेणीवर आळ येतो. आवळणे हा मात्र श्रेणीचाच भाग समजावा. कारण उष्णतेची बाहेरची वाट आटे आणि वॉशर यांतूनच जाते. सैल बसलेला थंड प्लग गरमासारखा वागतो. वॉशर असलेला १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने पुरता बसल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश वेढा आवळावा. मोजणारा पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. शेवटची गोष्ट : इंधन सरळ सिलिंडरात फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगाला, जोर दिला असता, तेलाच्या थेंबांमुळे होणारे एक निराळेच पूर्वज्वलन आढळते. त्यावर थंड प्लग हा इलाज नव्हे. त्यासाठी तेलाच्या मानकांतच बदल करावे लागले. २०२० पासूनची एपीआय एसपी ही श्रेणी त्यांपैकीच.

शब्दाकडे परत यावयाचे तर, मंडी मोहल्ल्यालगत जो सयाजीराव रस्ता जातो, त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. त्यांच्या राज्यातून १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा अनेक भाषांतील प्रतिशब्द एकत्र देणारा राज्यव्यवहाराचा कोश निघाला. एका इंग्रजी शब्दापुढे मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी, संस्कृत यांचे पर्याय ओळीने मांडण्याच्या त्या रीतीमागे एक विचार होता : शब्दाला शब्द न ठेवता व्यवहार पाहून शब्द ठेवावा. यंत्रविद्येत आपण ती शिस्त पाळत नाही. ‘हीट रेंज’ला ‘उष्णतामर्यादा’ किंवा ‘तापपल्ला’ म्हटले की प्लग किती उष्णता सोसतो असा अर्थ मनात येतो. माझ्या नोंदीचा अपघात त्यातूनच झाला. येथे मोजावयाचे असते ते उष्णता किती वेगाने निघून जाते हे. म्हणून ‘उष्णतावहन-श्रेणी’ हा शब्द मी सुचवतो. आणि ‘गरम’, ‘थंड’ यांच्या जागी ‘उष्णताधारक’ व ‘उष्णतावाहक’. दुकानातले लोक हे शब्द वापरणार नाहीत, हे मला कळते. त्यांना ते लागतही नाहीत. ते लागतात ते पुस्तकावरून शिकणाऱ्याला, ज्याच्यासमोर उस्ताद उभा नसतो.

भाच्याची गाडी दोन महिन्यांनी नव्या दट्ट्यांसह रस्त्यावर आली. ती घेण्यासाठी गेलो तेव्हा सुधारलेली नोंद मी मिस्त्रींना दखनीत समजावून सांगितली. त्यांनी ती मान हलवत ऐकली आणि विचारले, ‘‘नंबर किधर कू जाता, वो लिखे क्या, साब?’’ ते मी लिहिले नव्हते. आता नोंदीखाली एक ओळ अधिक आहे : कंपनीचे नाव सांगितल्याशिवाय आकडा सांगू नये.